तुझ्या दहाव्याला मी जे बोलले नाही

सारिका, आठ दिवसांपूर्वी तुझ्या दहाव्याला मी माईक हातात घेतला आणि खोटं बोलले.

आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. प्रवचन संपलं की एकेकाचं नाव पुकारतात आणि तो उठून श्रद्धांजली वाहतो. तुझ्या दहाव्याला सात जण बोलले. त्यातल्या दोघांनी तुझ्या खेळाला रायफल म्हटलं, एकानं तर तुला धावपटूच करून टाकलं. तू असतीस तर ओढणी तोंडात कोंबून हसली असतीस. मग कुणीतरी म्हणालं, "आता सारिकाताईच्या गुरू, भिंगारच्या मॅडम, दोन शब्द बोलतील." मी उठले. तुझी शिस्त, तुझी जिद्द, आठ वर्षं मिरजगावहून एसटीनं भिंगारला येणं, तापातसुद्धा सराव न चुकवणं, सगळं बोलले. शेवटी म्हणाले, "पण नियतीच्या मनात वेगळंच होतं." बायकांनी पदर डोळ्याला लावले. तुझी आई पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती, आणि मी सगळं नियतीवर ढकलून खाली बसले.

नियती कुठली आलीय? मीच होते.

तू गेलीस ती चौतीस दिवस औषधाची गोळी न घेतल्यामुळे, आणि ती घेऊ नकोस असं मी तुला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. हे तुला ठाऊक होतं आणि मला. तुझ्या आईला ठाऊक नव्हतं. तिला सांगायचं की तोंड मिटून उरलेलं आयुष्य काढायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन मी हे दिवस काढले. त्याचं काय झालं ते सांगते, पण मला सगळं पहिल्यापासून सांगू दे. एरवी तू मला मध्येच तोडलं असतंस.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तू मैत्रिणीबरोबर नुसती बघायला म्हणून आली होतीस. भिंगारमधलं आपलं ते जुनं गोडाऊन, वर पत्रा, आत दहा मीटरचं अंतर मोजून आखलेल्या सहा लेन. मी तुझ्या हातात पिस्तूल दिलं आणि म्हटलं, समोर धर आणि धरून ठेव. नवी मुलगी मिनिटभरात हात खाली टाकते. तुझा हात तसाच. माझा फोन आला, मी बोलून परत आले, तरी हात तसाच.

"घरी काय करतेस गं?"

"धार काढते. सा गायी हायेत आमच्या."

त्या सहा गायींवरून आपण पुढची सगळी वर्षं भांडलो. सकाळी सहा गायींची धार काढून आलेल्या बोटांनी ट्रिगर हळुवार दाबला जात नाही, हे माझं म्हणणं. निदान स्पर्धेच्या आठवड्यात उजव्या हाताला सुट्टी दे. तू म्हणायचीस, "ताई, एका हातानं धार काढल्यावर गाय लाथ घालती. तुमी या आन् काढून दावा." मी एकदा खरंच आले होते. लाथ खाल्ली. तुझी आई हसता हसता गोठ्यातच खाली बसली, आणि त्या दिवसापासून तिनं मला मॅडम म्हणायचं सोडलं. मीही त्या घरची ताई झाले.

तुझ्याएवढी खरी मुलगी माझ्याकडे दुसरी आली नाही. आपला नियम होता, शॉट मारला की टार्गेट बघायच्या आधी तो कुठे गेला ते तोंडानं सांगायचं. नऊ, डावीकडे. आठ, खाली. मग दोरी ओढून कागद जवळ आणायचा आणि ताडून बघायचं. बाकीच्या मुली मनातलं सांगायच्या. जरा बरा वाटला की दहा. तू स्वतःला कधी एक पॉइंट फुकट दिला नाहीस. "सात, ताई. हातच झटकला म्या," असं पडलेल्या तोंडानं सांगायचीस, आणि कागदावर सातच असायचा. तू एखादी गोष्ट जशी सांगितलीस तशीच ती असायची, हे मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. हे वाक्य मी गेल्या अठरा दिवसांत किती वेळा स्वतःला ऐकवलं असेल.

जिल्ह्यात पहिली आलीस, मग राज्यात तिसरी, मग पहिली. स्कोअरशीटवर नावापुढे अहिल्यानगर छापून यायला लागलं तरी तू नगरचीच सारिका राहिलीस. पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन तू एसटीत बसायचीस. कंडक्टरनं काय आहे विचारलं की गंभीर चेहऱ्यानं "पिस्तूल" म्हणायचीस, आणि तो तुला न मागता पुढची सीट द्यायचा. गावात बायका तुझ्या आईला म्हणायच्या, पोरीच्या हातात असलं काय दिलं, आता नवरा कसा मिळायचा? आई म्हणायची, "मिळंल की. घाबरून ऱ्हाईल, चांगलं हाय." तुझ्या पिस्तुलाची लाकडी मूठ मी स्वतः कानशीनं घासून तुझ्या तळहाताच्या मापाची केली होती. आता ती कुणाच्याच हातात बसत नाही. परवा एका मुलीनं धरून बघितली आणि लगेच खाली ठेवली.

मग दीड वर्षापूर्वी तू म्हणायला लागलीस, "ताई, माशी उडती."

पिस्तुलाच्या टोकाला असते ती बारीक माशी. नेम धरताना डोळा तिच्यावर असतो. ती जरा हलतेच, सगळ्यांची हलते, आतल्या ठोक्यांनी हलते. मी विचारलं, कशी उडते? तू शॉट सांगावा तसं नीट सांगितलंस. "आधी बरूबर चालती. मंग मधीच थांबती. काईच न्हाई. आन् मंग एकदम टुनकन वर." मी ऐकलं आणि म्हटलं, टेन्शन आहे. मोठ्या स्पर्धांना जायला लागलीस की होतं असं. चहा कमी कर, श्वासाचा व्यायाम वाढव. डॉक्टरांना यंत्र लावून जे कळलं ते तू मला तोंडानं सांगत होतीस, जसंच्या तसं, आणि मी त्यावर श्वास मोजायला बसवलं. दीड वर्ष बसवलं. तू डोळे मिटून मुकाट्यानं मोजायचीस.

माळीवाड्याच्या स्टँडवर तुला चक्कर आली तेव्हा तुझ्या आईनं हट्टानं डॉक्टरकडे नेलं. मला तू दुसऱ्या दिवशी सांगितलंस, तेही गोळ्यांची पट्टी दाखवायची होती म्हणून. साधं सर्दीचं औषधसुद्धा मला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, हा नियम मीच केला होता. खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांची यादी माझ्या मोबाईलमध्ये कायम असायची. मी कोचच कसली, सगळ्या मुलींच्या औषधांवरची पहारेकरीण होते, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता.

मी त्या वेळी एका पिस्तुलाची नळी साफ करत होते. बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या यादी बघितली. ठोके संथ करणारी गोळी. आपल्या खेळात तिला बंदी आहे, कारण ठोके संथ झाले की हात स्थिर होतो.

"ही नाही चालायची," मी म्हणाले.

"डॉक्टर म्हनले, काळजाचा स्नायू जाड झालाय. रोज सकाळी अर्धी घ्यायची, एक दिस बी चुकवायची न्हाई. न्हाई घेतली तर मोठं कायतरी हुईल म्हनले."

"डॉक्टरांना सगळ्यांनाच घाबरवायची सवय असते. सोळा दिवसांवर निवड चाचणी आहे. ती होऊ दे, मग घे."

तू म्हणालीस, परवानगीचा अर्ज करता येतो ना, तुमीच एकदा सांगितलं हुतं. तुला ते लक्षात होतं. मी म्हटलं, येतो, पण या गोळीसाठी आपल्या खेळात ती परवानगी जवळजवळ कुणाला मिळत नाही. आणि एकदा अर्ज केला की आजारी म्हणून तुझ्या नावावर शिक्का बसतो, मग निवड करणारे दुसरी मुलगी बघतात. हे सगळं खरंच होतं. पण जी गोष्ट खेळायला चालत नाही ती जगायला लागत असेल, तर खेळ सोडायचा, हे वाक्य माझ्या तोंडात आलंच नाही. आलं असतं तर तू आज गोठ्यात असतीस. माझ्यावर फुगून, महिना महिना न बोलता, पण असतीस.

तू पट्टी पेटीत टाकलीस आणि लेनवर जाऊन उभी राहिलीस.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. मी काही डॉक्टर नाही, मला कुठे कळत होतं. पण चाचणी झाली. तू पाचशे शहात्तर मारलेस, आयुष्यातला सगळ्यात मोठा स्कोअर. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, ओळख ना पाळख अशा बाईच्या गळ्यात पडले. बाहेर आले तर तू पायरीवर बसली होतीस. उजवा तळहात छातीवर दाबून धरला होतास आणि ओठ पांढरे पडले होते. मला बघून हात खाली घेतलास.

"ताई, आता घिऊ का?"

सारिका, या चार शब्दांनी मला आता झोपताही येत नाही आणि जागंही राहता येत नाही. सव्वीस वर्षांची मुलगी, राज्यात पहिली आलेली, स्वतःच्याच औषधासाठी माझी परवानगी मागत होती. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अजून तीनच आठवडे. दुसरी चाचणी झाली की संघ ठरतो. मग मी स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन तुझ्यापुढे उभी राहीन."

तू हसलीस. "नक्की?"

"नक्की."

पहिल्यांदा मी अडाणी होते. दुसऱ्यांदा मी तुझा हात छातीवर बघितला होता. तरी म्हणाले, कारण मला तो संघ हवा होता. तुझ्यासाठी असं मी म्हणायचे, सगळ्यांना तेच सांगायचे. पण तुझ्या वयाची असताना माझी निवड दोन पॉइंटांनी हुकली होती, आणि तेव्हापासून मी कुणाच्या तरी हातानं ते दोन पॉइंट परत मिळवायला बघत होते. तुझा हात माझ्या बघण्यातला सगळ्यात स्थिर हात होता. त्याला मी सोडणार नव्हते.

आणि खरं सांगू? मला तुझाही राग येतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण येतो. धारेवरून माझ्याशी आठ वर्षं भांडलीस. केस बांधण्यावरून भांडलीस, बुटांवरून भांडलीस, मी डब्यात भेंडी आणली म्हणून दोन दिवस अबोला धरलास. मग नेमकं इथेच शहाण्यासारखं गप्प का बसलीस? एकदा म्हणायचं होतंस, ताई, तुम्हाला काय कळतंय, मी घेणार. मी आरडाओरडा केला असता, तुला रेंजवरून हाकलूनही दिलं असतं. तुझं काय गेलं असतं? आपल्यातलं एवढं एक भांडण व्हायचं राहिलं, आणि आता मी ते एकटीच करत बसते, दोन्ही बाजूंनी.

तुझ्या नंबरवरून तुझ्या आईचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. दुसऱ्या चाचणीला तीन दिवस होते. मला वाटलं, तू दूध घालायला गेली असशील आणि फोन घरी विसरली असशील. "ताई, सारी उठंना वो. गोठ्यात पडलीया. तोंडावर पानी मारलं, तरी उठंना." मागे कुणीतरी गाडी आणा म्हणून ओरडत होतं. मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. तुझी आई बाकावर बसली होती, हातांना अजून गोठ्यातलं शेण होतं. डॉक्टरांनी तिला विचारलं, गोळ्या चालू होत्या ना?

"व्हय," ती म्हणाली, "रोज घेत हुती की."

मी तिच्या शेजारी उभी होते. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, इतक्या जवळ. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी गप्प राहिले.

दहाव्याला माझं ते भाषण झाल्यावर तिनं मला आत बोलावलं आणि तुझी पेटी दिली. म्हणाली, आमाला काय करायचंय, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मग पेटीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. दहाच्या दहा गोळ्या. "बघा, एक बी घेतली न्हाई भवानीनं. मला सांगायची, घेतली, घेतली. तुमच्या कानावर घातलं असतं म्या, तर तुमी तिला बळंच घ्यायला लावली असती. माझंच चुकलं, ताई." ती स्वतःला दोष देऊन रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. आणि पेटी घेऊन निघून आले. यापेक्षा हलकं काम माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही. बाकीचं चूक म्हणून एखादा सोडून देईल, हे नाही सोडणार.

त्यानंतर तेरावा झाला. मी गेले नाही, ताप आल्याचं कळवलं. रेंज उघडली, मुली आल्या. एकीनं डोकेदुखीची गोळी आणून दाखवली, घेऊ का म्हणून. मी तिच्यावर एवढी ओरडले की ती रडत घरी गेली. पलीकडे छावणीच्या बाजूनं रोजच्यासारखे फायरिंगचे आवाज येत होते, आणि तुझ्या लेनवर कुणी उभं राहत नव्हतं. मला वाटलं, तुझी आई शेवटच्या श्वासापर्यंत स्वतःला दोष देत राहणार, आणि मी तिच्या घरी सणावाराला जाऊन पुरणपोळी खाणार. हे नाही जमणार मला. म्हणून काल मी मिरजगावला आले.

दुपारची वेळ होती. तुझी आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तुझे वडील, अण्णा, शेतावर गेले होते. मी तिच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. माशी उडायची ते, यादीचं, सोळा दिवसांचं, पायरीवरचं. तू काय विचारलंस आणि मी काय म्हणाले, तेही. एक शब्द गाळला नाही. ती शेंगा फोडत राहिली. मधे एकदा थांबली आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हनलं हुतं, ते तिनं तुमाला सांगितलं हुतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती आणखी थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरकडनं आलो त्याच राती म्या तिला म्हनले हुते, डॉक्टरचं ऐक. तर मला म्हनली, आये, डॉक्टरनं मला एकदाच बघितलंय. ताई आठ वर्सं बघत्यात. काय असंल ते त्येंला कळंल."

मला रडू आलं नाही. रडायचा हक्क आहे असं वाटलंच नाही. ती उठून आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. मला वाटलं, आता बाहेर येऊन मला काहीतरी म्हणेल, थोबाडीत देईल, गाव गोळा करेल, आणि मला ते सगळं हवं होतं. ती चहा घेऊन आली. बशी माझ्यापुढे ठेवली आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली. चहा संपल्यावर म्हणाली, "मी तुमाला कायबी म्हननार न्हाई, ताई. ह्यांना बी सांगनार न्हाई, ते कोयता घिऊन निघत्याल. पन आता तुमी येत जाऊ नका."

मी मान डोलावली. निघाले तर ती माझ्यामागून हायवेपर्यंत आली. आजवर प्रत्येक वेळी मला सोडायला यायची तशीच, डोक्यावरून पदर घेऊन. आम्ही दोघी एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. नगरची एसटी आली, तिनंच हात करून थांबवली, आणि मी चढल्यावर वळून बघितलं तर ती परत निघालीसुद्धा होती.

सारिका, तुझ्या घरी आता मला जाता येणार नाही. आणि तुझं नाव काढून दोन घटका बसावं असं दुसरं घर मला नाही.